अचानकरावांचं ताट

हिराकाकी चिकट होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिचं चांगलं लिहिताना अडखळायला नको. पेणला रामवाडीत आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक कूड आणि एक शेवग्याचं झाड होतं. शेंगा तिच्या बाजूला पडल्या की तिच्या. माझ्या बाजूला पडल्या की अर्ध्या तिच्या. का, असं मी एकदा विचारलं.

"मुळं माझ्याकडे हायत," ती म्हणाली.

अंगाने काटकुळी, उंच, चालताना एक खांदा थोडा पुढे. बाजाराला निघाली की चपला पिशवीत असायच्या आणि बाजार दिसायला लागला की पायात. हसायची मोठ्याने, रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल असं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीत ती कधी काटकसर करायची नाही.

तिची एक सवय सगळ्या आळीला माहीत होती. ती जे काही मापायची, त्यातलं थोडं परत घ्यायची. चहात साखर दोन चमचे घातली की चिमूटभर परत डब्यात. भाताला तांदूळ काढले की थोडे परत मडक्यात. गणपतीच्या कारखान्यातून आठवड्याचा पगार आणला की पदराची गाठ सोडायच्या आधी त्यातलंही काही बाजूला. आणि परत घेताना पुटपुटायची, "हे अचानकरावांचं."

मी लग्न होऊन रामवाडीत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. रोह्याच्या बाजूच्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर भातशेती. मला वाटलं, अचानकराव हे हिराकाकीचे कोणीतरी मोठे नातेवाईक. नागोठण्याचे मामा असतील. आपण भेटलो तर डोक्यावरून पदर घ्यावा लागेल, एवढा मी विचार करून ठेवला होता. पाच-सहा महिने झाले तरी ते आले नाहीत, तेव्हा मी विचारलं.

"काकी, अचानकराव येणार तरी कधी?"

"सांगून यायला तो काय व्याही हाय? येतो तेव्हा येतो. पोराला ताप घेऊन येतो, मोडलेला पंप घेऊन येतो. कुणाच्या मयताची तार घेऊन येतो. पण आला की जेवल्याशिवाय जात नाय. त्याचं ताट तयार पायजे. ताट नसेल तर तो तुझ्या ताटात बसतो, शेवंते."

मी हसले. मला ते बाईचं वेड वाटलं. तेव्हा आमचे हे धरमतरच्या खाडीत मालाच्या बार्जवर कामाला होते. पावसाळ्यात बार्ज बंद, म्हणजे पगारही बंद. पण दसऱ्यानंतर पैसा यायचा तो चांगला यायचा आणि मी तो चांगलाच खर्च करायचे. पहिल्या वर्षी दोन साड्या घेतल्या, एक स्टीलची कळशी घेतली, आणि पनवेलला जाऊन फोटो काढला. फोटो अजून आहे. त्यात मी शेठाणीसारखी बसले आहे.

त्याच वर्षी वैशाखात माकडं आली. आमच्याकडे माकडं येतात तेव्हा एकटी येत नाहीत, टोळी येते आणि कौलांवरून नाचत जाते. शेवग्याच्या शेंगांसाठी आली होती. अर्ध्या तासात आमचं अर्धं छप्पर फुटलं. पाऊस तीन आठवड्यांवर होता आणि घरात फोटो होता, पैसे नव्हते.

मी हिराकाकीकडे गेले. तिच्याकडे पैसे आहेत हे मला ठाऊक होतं. तिचीही कौलं फुटली होती आणि त्याच दुपारी तिने कौलवाल्याला बोलावलं होतं.

"काकी, दसऱ्याला परत करीन."

"नाय देणार."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण ती सुपातले खडे वेचत राहिली.

"काकी, पावसात काय करू?"

"भिज. मी ताडपत्री देते, ती बांध. एक पावसाळा भिजलीस की जन्मभर आठवण राहील. मी आज पैसे दिले तर पुढच्या वर्षी पण माझ्याच दारात येशील."

त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताडपत्री मात्र घेतली. त्या पावसाळ्यात रोज एका कोपऱ्यात टोप, दुसऱ्या कोपऱ्यात परात, आणि सासू माझ्याकडे बघत बसलेली. ती बांधायची सुतळीही हिराकाकीने मलाच विकत आणायला लावली. म्हणाली, ताडपत्रीबरोबर सुतळी द्यायचं कुठे ठरलं होतं?

पण एक काम तिने केलं. आषाढात मला हाताला धरून गणपतीच्या कारखान्यात नेलं आणि मालकांना सांगितलं, "ही माझ्या शेजारची. हिच्या हाताला काम द्या. डोकं अजून यायचं हाय."

पेणला त्या दिवसांत प्लास्टरच्या मूर्ती नुकत्या जोरात सुरू झाल्या होत्या. मला सोनेरी रंगाला बसवलं. मुकुट, कडी, कमरपट्टा. हिराकाकी आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम. ते सर्वांत शेवटी करतात आणि ज्याला त्याला देत नाहीत. डोळे आखल्याशिवाय मूर्ती विकत नाहीत. कोणी घेणारही नाही. तिचा हात असा होता की एका दमात भुवई, एका दमात पापणी. तेवढा वेळ ती बोलायची नाही, म्हणून मालक खूश असायचे.

पहिल्या आठवड्याचे पैसे हातात आले तसे तिने माझ्यासमोर हात पसरला. "अचानकरावांचं काढ." मी दोन रुपये काढले. तिने ते घेतले नाहीत. माझ्याच पदराच्या दुसऱ्या टोकाला बांधले आणि म्हणाली, "ह्या गाठीला हात लावायचा नाय. भूक लागली तरी नाय. साडी दिसली तर नायच नाय." पुढच्या वैशाखात माझी कौलं मी घेतली. माकडं त्या वर्षी आलीच नाहीत.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. दामूकाका वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. पण घरात पैसा दिसला की त्यांना एखादी वस्तू दिसायची. एकदा बोकड आणला, एकदा मोडका ग्रामोफोन. एकदा मुलीच्या वह्यांसाठी ठेवलेल्या पैशांत पेटी घेऊन आले. हार्मोनियम. घरात गाणारं कोणी नाही, वाजवणारं कोणी नाही.

"अगो, स्वस्तात होती," ते म्हणाले.

"मग आता सुनंदाला सांगा, वहीच्या जागी पेटीवर निबंध लिही."

सुनंदा त्यांची एकुलती एक मुलगी. शांत, हुशार, आईसारखी उंच. तिला नर्स व्हायचं होतं. आमच्या आळीतून तोपर्यंत कोणी मुलगी असल्या शिक्षणाला गेली नव्हती.

तर अशा नवऱ्यापुढे पैसे लपवायचे कुठे, हा हिराकाकीचा मोठा प्रश्न होता. पोस्टात तिचं खातं होतं. त्यातही ती टाकायची. पण अचानकरावांचं ताट पोस्टात ठेवता येत नाही, असं तिचं म्हणणं. "तो रविवारी येतो गो. रविवारी पोस्ट बंद." घरातल्या डब्यांत दामूकाकांचा हात पोचायचा. तेव्हा पैसे तिने कुठे ठेवले होते, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

ठेवले होते कारखान्यातच. मागच्या खोलीत वरच्या फळीवर नापास मूर्ती असायच्या. कोणाचं बोट तुटलं, कोणाचा उंदीर फुटला. त्यात एक हातभर उंचीचा गणपती होता, त्याचा डावा कान उजव्यापेक्षा लहान होता. प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ असते. हिराकाकीने मेणकापडात पैसे गुंडाळून त्याच्या पोटात घातले, वर काथ्या कोंबला आणि खालून शाडूचा गोळा लावून भोक बंद केलं. आठवड्याला नवे पैसे, नवा गोळा. मूर्ती रंगवलेली होती, पण डोळे नव्हते, आणि आखणी तीच करायची. तेव्हा ती मूर्ती विकली जाणं शक्यच नव्हतं. तीन वर्षं तो गणपती आंधळा बसून तिचे पैसे सांभाळत होता.

त्या वर्षी गणपतीच्या चार दिवस आधी हिराकाकी सुनंदाला घेऊन अलिबागला गेली. नर्सिंगच्या ट्रेनिंगची मुलाखत होती. त्याच दिवशी रोह्याचा एक दुकानदार रिकामा टेम्पो घेऊन कारखान्यात आला. त्याचा माल संपला होता, गिऱ्हाईक परत जात होतं. "काय असेल ते द्या," म्हणाला. मालकांनी फळी रिकामी केली. तुटलेली बोटं प्लास्टरने जोडली. राहिले डोळे.

"शेवंता, तुला जमेल?" मालकांनी विचारलं.

मला दोन वर्षं तोच प्रश्न ऐकायचा होता. मी सात मूर्तींचे डोळे आखले. लहान कानाचा गणपती पहिला. हात अजून बसलेला नव्हता, त्यामुळे पापण्या जरा जास्त वर गेल्या. तो दचकल्यासारखा दिसायला लागला. मला तरी तो फार छान वाटला.

हरताळकेच्या दिवशी दुपारी पोस्टमन आला. सुनंदाची निवड झाली होती. सोमवारपर्यंत अनामत, गणवेशाचे आणि पुस्तकांचे पैसे घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. सगळे मिळून तीनशे रुपये. हिराकाकी उपाशी होती, पण नाचायचीच बाकी राहिली.

"बघ शेवंते, अचानकराव कधी कधी पेढे घेऊन पण येतात!"

पोस्टातले पैसे दोन महिन्यांपूर्वी दामूकाकांच्या आईच्या आजारपणात गेले होते. पण ताट तयार होतं. ती पिशवी घेऊन कारखान्यात गेली आणि दहा मिनिटांत परत आली. तिला मी पहिल्यांदाच चपला पायात घालून घराकडे येताना पाहिलं. काढायचं भानच नव्हतं.

"फळीवरचा गणपती कुठं गेला?"

"रोह्याला," मी अभिमानाने सांगितलं. "डोळे मी आखले."

ती ओट्यावर बसली. पैशांचं सगळं मला तेव्हा कळलं. मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नको, पाणी फुकट जातं. सकाळची पहिली एसटी कितीला?"

चतुर्थीच्या दिवशी कोकणात बाई घर सोडत नाही. हिराकाकीचा गणपती थोरल्या दिराकडे असायचा, ती सुटली. माझ्या सासूने मात्र विचारलं, "आज कुठं चाललीस?" मी म्हटलं, डोळे मी आखलेत. सासूला काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून ती वाटेतून बाजूला झाली.

रोह्याच्या बाजारात तो दुकानदार मांडव सोडत होता. लहान कानाचा गणपती त्याला चांगला आठवत होता. "तो शेवटपर्यंत उरला होता. काल नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या एका म्हातारीने नेला. असली घासाघीस केली, की मला गाडीभाडं सुटलं नाय."

"चांगली बाई असणार," हिराकाकी म्हणाली.

कुंडलिकेचा पूल ओलांडून आम्ही अष्टमीत गेलो. घर सापडलं तेव्हा आत आरती चालली होती. आम्ही दारात उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. माझा गणपती मखरात बसला होता, जास्वंदीच्या हारात, आणि आम्हा दोघींकडे दचकून बघत होता. प्राणप्रतिष्ठा झाली होती. आता उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कोणी तसूभरही हलवू शकत नव्हतं.

प्रसाद घेताना हिराकाकीने हळूच विचारलं, "तुमचा दीड दिवसाचा का?"

"गौरींबरोबर जातो," म्हातारी म्हणाली. "बुधवारी."

सोमवारी पैसे भरायचे होते आणि पैसे बुधवारपर्यंत देवाच्या पोटात. हिराकाकीने प्रसाद संपवला, हात पदराला पुसले आणि सगळं सरळ सांगून टाकलं. नवऱ्याची पेटी, सुनंदा, फळी, माझे डोळे. म्हातारी खांबाला टेकून ऐकत होती. सत्तरीची, लहानखुरी, कपाळाला मोठं कुंकू.

"तरीच!" ती म्हणाली. "मी सकाळपासून म्हणतेय, आमचा गणपती ह्या वर्षी असा घाबरल्यासारखा का बघतो?"

"पोटात परक्याचे पैसे हायत म्हणून," हिराकाकी म्हणाली.

घरातले सगळे हसले. म्हातारी हसली नाही. "हलवायचं नाव काढू नको. बसला तो बसला."

"मी कुठं म्हणतेय हलवा? मी सुद्धा देवाधर्माची बाई हाय."

"मग आलीस कशाला?"

"बघायला. माझं ताट कुणाच्या घरी हाय ते."

म्हातारीने विचारलं, ताट म्हणजे काय. हिराकाकीने अचानकराव सांगितले. म्हातारी उठली, आत गेली आणि कोंड्याचा डबा घेऊन आली. कोंड्यात हात घालून तिने एक फडकं काढलं.

"आमच्यात ह्याला मागच्या दाराचा पाव्हणा म्हणतात," ती म्हणाली. "तीनशे घे. सोमवारी पोरीला पोचव. बुधवारी ये, हा उठला की त्याच्या पोटातले माझे. आणि नाय निघाले तर?"

"पाच वर्षं तुमची मूर्ती माझ्याकडून. दोन्ही कान सारखे."

"तोंडाचं बोलणं झालं. तारण काय ठेवतेस?"

हिराकाकीने स्वतःकडे पाहिलं. हातात काचेच्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"हिला ठेवा."

"काकी!"

"गौरी यायच्यात, यांची सून पोटुशी हाय, कामाला हात पायजेत. डोळे तू आखलेस ना? मग बघत बस त्याच्याकडे बुधवारपर्यंत."

अशी मी अष्टमीला पाच दिवस गहाण राहिले. घरी निरोप काकीने पोचवला. तीनशे मोदक वळले असतील, एका रुपयाला एक. म्हातारी उकडीचं पीठ मोजून घ्यायची आणि मूठभर परत डब्यात टाकायची. मला तर घरच्यासारखंच वाटलं.

बुधवारी दुपारी हिराकाकी आली. सुनंदा सोमवारी वेळेत पोचली होती, पांढऱ्या कपड्यांचं माप पण दिलं होतं. उत्तरपूजा झाली. भटजींनी मूर्ती जागेवरून सरकवली. म्हातारी म्हणाली, "आता ती नुसती मूर्ती. काढ."

हिराकाकीने आधी स्वतःचे कान पकडले, मग चमच्याच्या दांड्याने खालचा गोळा फोडला. काथ्या निघाला. मेणकापड निघालं. तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"काय गो? कमी?" म्हातारीने विचारलं.

"जास्त," हिराकाकी म्हणाली. "तीनशे चाळीस पायजेत. साडेतीनशे हायत."

कमी निघाले असते तर ती एवढी घाबरली नसती. तिचा हिशोब कधी चुकला नव्हता. म्हातारी म्हणाली, गणपतीने व्याज दिलं असेल. हिराकाकी म्हणाली, "तो घेतो, देत नाय." तीनशे मोजून तिने म्हातारीच्या हातात ठेवले, मला सोडवलं, आणि गणपतीला कुंडलिकेत पोचवून आम्ही शेवटच्या एसटीने आलो. वाटेत नागोठण्याला मी चहा पिऊ म्हटलं तर तिने स्वतःच्या पैशांनी पाजला. यावरून तिची अवस्था समजावी.

घरी दामूकाका ओट्यावर बसले होते. तिने दहाची नोट त्यांच्यापुढे धरली. माणूस लगेच कबूल झाला.

"मला पयल्याच वर्षी कळलं होतं. कारखान्यात तुझा डबा द्यायला आलो, तू शाडूचा गोळा लावत होतीस. दहा रुपये घेतले एकदा. शर्यतीला. मग झोप येईना. पेटी विकली तेव्हा वीस ठेवले."

"पेटी विकली? मी समजले उसनी दिली."

"तुझ्या अचानकरावांना खाली हाताने कसं परतवू? सुनंदाचा बाप हाय मी."

हिराकाकी दाराला धरून उभी राहिली आणि मग तिचं ते रस्त्यापलीकडे जाणारं हसू आलं. दामूकाका पण हसायला लागले. दुसऱ्या दिवशी तिने पैशांची जागा बदलली. नवी जागा कोणती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दामूकाकांना कळलं असेल.

सुनंदा नर्स झाली, मोठ्या इस्पितळात नोकरी लागली, घराला स्लॅब पडला. हिराकाकी चहातली चिमूट परतच घेत राहिली. "आता कशाला, काकी?" असं लोक विचारायचे. ती म्हणायची, स्लॅब बघून तो यायचा थांबतो काय?

शेवटची भेट झाली ती दामूकाका गेल्यानंतर दोन वर्षांनी. मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले होते, डोळ्याला हिरवी पट्टी. हिराकाकीला बऱ्याच गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. सुनंदा रजा काढून आली होती. काकी खुर्चीवर बसली होती, मांडीत स्टीलची वाटी आणि त्यात तांदूळ. ते ती निवडत होती की नुसते चाळवत होती, कळत नव्हतं. माझं नाव तिला आठवलं नाही. पट्टीकडे बघत राहिली.

"अचानकराव आले होते का गो तुझ्याकडे?"

"आले होते, काकी."

"जेवून गेले?"

"जेवून गेले. कुणाकडे मागायला लागलं नाय."

तिने मान हलवली. सुनंदाने वाटी घ्यायला हात पुढे केला. काकीने वाटी दिली, पण आधी त्यातले थोडे तांदूळ मुठीत परत घेतले आणि मूठ पदराखाली नेली. मी निघाले तेव्हा ती मूठ तशीच मिटलेली होती.